आमचा हॅमस्टर गेला, फ्लॅटमध्ये राहतो, पुरायचं कुठं?

तिसरा_मजला, रात्री १०:५२
आधीचे धागे शोधले पण सगळे कुत्र्यांचे निघाले म्हणून नवीन काढतेय. आमच्याकडे हॅमस्टर होता, लाडू. पावणेदोन वर्षांचा. आज संध्याकाळी लेकीनं सूर्यफुलाच्या बिया टाकल्या तर आला नाही, बघते तर कोपऱ्यात भुशात गोळा होऊन पडलेला, हलवलं तरी हलेना. लेक तिसरीत आहे, रडून रडून आत्ता कुठे झोपलीय, झोपताना शपथ घातलीय की मी उठेपर्यंत त्याला कुठेही न्यायचं नाही. सध्या बुटाच्या खोक्यात रुमालावर ठेवलाय. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला, तिसरा मजला, खाली कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक, बोटभर माती दिसत नाही. नवरा म्हणतो ती शाळेत गेली की ओल्या कचऱ्यात टाकू, मुठीएवढा तर जीव. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. पण मग करतात काय लोक अशा वेळी?

पावट्याची_उसळ, ११:०४
अरेरे. वाईट वाटलं वाचून. कचऱ्यात नका टाकू हो, पोरांना आज ना उद्या कळतंच. आमचा गोल्डफिश मेला तेव्हा आई म्हणाली समुद्रात सोडला. आम्ही राहायला सोलापुरात.

गोठ्यातला_डॉक्टर, ११:११
ताई, पुरायचं नंतर बघू, आधी एक विचारतो. पिंजरा कुठे होता, घरात की गॅलरीत? डिसेंबर आहे म्हणून विचारतोय. हॅमस्टरला फार गारठा लागला आणि त्यात खाणं कमी पडलं तर तो मेल्यासारखा थिजून पडतो, अंग गार, श्वास इतका मंद की डोळ्याला दिसत नाही. लोकांनी असे जिवंत हॅमस्टर पुरलेत. त्याला फडक्यात घ्या, शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, कढत नको, आणि अर्धा-पाऊण तास मिशांकडे बघत बसा. थिजलेला असेल तर अंग मऊ असतं, हळूहळू मिशा थरथरतात. अंग लाकडासारखं कडक झालं असेल तर मात्र गेला.

तिसरा_मजला, ११:१५
पिंजरा गॅलरीतच होता. देवा. बघते.

अनु७९, ११:३३
काय झालं?

पावट्याची_उसळ, ११:४०
मी पण जागीच आहे. बाटली ठेवलीस का गं?

तिसरा_मजला, रात्री १२:०८
नाही हो. पाऊण तास ओट्यापाशी बसले होते, नवरा पण येऊन बसला, मोबाइलचा टॉर्च धरून. एकदा वाटलं मिशी हलली, पण ते पंख्याचं वारं होतं. पंखा बंद केला तर काहीच नाही. पाय कडक झालेत. गालातल्या पिशवीत एक बी तशीच होती, ती तेवढी काढली. डॉक्टर, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, नाहीतर जन्मभर मनात राहिलं असतं.

गोठ्यातला_डॉक्टर, १२:१५
पावणेदोन वर्षं म्हणजे त्याच्या हिशोबानं म्हातारपणच, हे दोन-अडीच वर्षं जगतात, फार तर तीन. तुमची चूक काही नाही. आता रात्रभर खोक्यात बाहेर ठेवू नका, मुंग्या येतील. कागदात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात घाला, डबा पिशवीत आणि फ्रीजमध्ये सगळ्यात खाली. दोन दिवस काही होत नाही. डबा नंतर फेकून द्या, हात साबणानं धुवा. बाकी सकाळी लिहितो.

तिसरा_मजला, १२:२१
फ्रीज म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय. सासूबाई उद्या येतायत.

पावट्याची_उसळ, १२:२४
डब्यावर ‘इडली पीठ’ असं मात्र लिहू नका. आमच्याकडे झालंय. वेगळं प्रकरण होतं, पण झालंय.

खडेमीठ, सकाळी ७:०२
आमच्याकडे गावी काहीही पुरायचं तर खाली-वर खडे मीठ घालतात, लवकर माती होते. बैल गेला तेव्हा वडलांनी अख्खं पोतं ओतलं होतं. त्यामुळे ताई, एक किलो खडे मीठ घ्या आणि जवळ कुठे टेकडीवर जाऊन या, काही अवघड नाही. लोक उगाच बाऊ करतात.

गोठ्यातला_डॉक्टर, ७:४०
खडेमीठ साहेब, सगळीकडे घालतात खरं, पण ‘लवकर माती होते’ हे उलटं आहे. मिठानं आपण बांगडा वाळवतो ना, तेच इथे होतं. मीठ पाणी ओढून घेतं, किडे-जिवाणू चालत नाहीत, देह कुजायचा तो सुकून बसतो, आणि भोवतीची मातीही नासते, तिथे झाड धरत नाही. चुन्याचंही तसंच. वास दबतो, कुत्री उकरत नाहीत हे बरोबर, पण चुन्यानं देह विरघळतो वगैरे काही नाही. मुठीएवढ्या प्राण्याला दोन्ही नको. नुसती भुसभुशीत माती आणि थोडा ओलावा, बस.

आता जागेचं. जमिनीत पुरायचं तर हॅमस्टर, चिमणी-लव्हबर्डला निदान दीड फूट खोल, मांजराला तीन फूट. उथळ पुरलं तर रात्रीत कुत्री नाहीतर मुंगूस उकरणार, आणि सकाळी ते पोरांच्या नजरेला पडणार. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून लांब. गुंडाळायला सुती फडकं किंवा वर्तमानपत्र. प्लॅस्टिकची पिशवी, मखमल, नायलॉनची साडी यातलं काही नको, वर्षानं उकरलं तरी तसंच निघतं. खोकंही पुठ्ठ्याचं चालेल, चिकटपट्टी काढून.

टेकडी बहुधा वनखात्याची असते, ते खोदू देत नाहीत. नदीत तर सोडूच नका.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवलेला प्राणी असेल तर तो उघड्यावर टाकायचा नाही, उथळ पुरायचा नाही. ते औषध देहात राहतं आणि उकरून खाणारं कुत्रं, घार, कावळा मरू शकतो. गिधाडं कशानं संपली ते आठवा, गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधानं, म्हणून २००६ मध्ये त्यावर जनावरांसाठी बंदी आली. अशा वेळी दहन उत्तम, नाहीतर खोल पुरणं.

खडेमीठ, ८:०५
बांगड्याचं पटलं. पण वडलांना नाही सांगणार.

मालाडची_मावशी, ८:३०
मुंबईकरांसाठी लिहिते. मालाड पश्चिमेला कोंडवाड्याच्या आवारात महापालिकेची लहान प्राण्यांची दहनभट्टी आहे, २०२३ मध्ये सुरू झाली, पाइप गॅसवर चालते, पैसे घेत नाहीत. आम्ही मांजर नेलं होतं, डॉक्टरची चिठ्ठी आणि आपला पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. परळला बाई साकरबाई हॉस्पिटलातही दहनाची सोय आहे, जुनी माणसं तिथेच नेतात. आमची मांजर चौदा वर्षांची होती, टॅक्सीवाल्याला टोपलीत काय आहे ते सांगितलं नव्हतं, वांद्र्याला त्यानंच आरशातून बघितलं आणि म्हणाला गेली का? आणि रेडिओ बंद केला. पुढे एक शब्द नाही बोलला.

अनु७९, ८:४१
पुण्यात नायडू हॉस्पिटलच्या आवारात महापालिकेची सोय आहे, पण ती मुख्यतः कुत्र्या-मांजरांसाठी, जायच्या आधी चौकशी करा. बाकी खासगी दहनवाले घरी गाडी पाठवतात. आमच्या गिनीपिगच्या वेळी एकाला फोन केला तर त्यानं लॅब्रॅडोरचाच रेट सांगितला, म्हटलं अहो पाऊण किलोचा आहे, तर म्हणे मॅडम भट्टी तेवढीच तापवावी लागते. आता यावर काय बोलणार. आणि अस्थी पाहिजेत का म्हणून वेगळे पैसे. एवढ्याशा जिवाची राख चमचाभर निघते, तीही स्वतंत्र ट्रेमध्ये ठेवला तर. एकत्र दहन असेल तर हातात येते ती कुणाची हे देवालाच माहीत. पैसे भरायच्या आधी तेवढं विचारा.

फोंड्याचो_भाट, ९:१०
आमच्याकडे जागा भरपूर पण खाली चिरा. फूटभर गेलं की पहार टणटण वाजते. पोपट गेला तेव्हा दोन तास खणलं, शेवटी माडाच्या अळ्यात ठेवला, तिथेच काय ती माती. आई म्हणाली आता त्या माडाचे नारळ देवाला नको. बाबा म्हणाले का नको? वर्ष झालं, अजून निकाल नाही.

अनु७९, ९:१४
पोपट म्हणजे राघू? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात राघू घरात पाळणं गुन्हा आहे, माहिती असू द्या.

फोंड्याचो_भाट, ९:१६
पंख मोडून अंगणात पडला होता, महिनाभर होता, पाळला नव्हता. पण बरोबर आहे तुमचं, वनखात्याला कळवायला हवं होतं.

हॅम्बुर्गकर, दुपारी १२:२५
जर्मनीत आम्ही भाड्याच्या घरात राहतो, सशाच्या वेळी हेच झालं. इथे छोटा प्राणी स्वतःच्या बागेत पुरता येतो, वर किमान ५० सेंटिमीटर माती हवी, पाणलोटाच्या संरक्षित पट्ट्यात नको, रस्त्याला लागून नको, आणि सरकारला कळवावा लागतो अशा रोगानं मेलेला नको. पार्कात आणि जंगलात मनाई, पकडलं तर दंड. बाग आमची नव्हती, घरमालकिणीची. बायको म्हणाली नाही म्हणेल, न विचारता रात्री पुरू. मी विचारलं. म्हातारी खाली आली, फावडं घेऊन, आणि म्हणाली त्या लायलॅकच्या झुडपाखाली माझं मांजर आहे, त्याच्यापासून जरा लांब घ्या, त्यांचं पटायचं नाही.

सातारी_कंदी, १:०५
माहुलीला कुणी गेलंय का? साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. तिथे राजघराण्यातल्या समाध्या आहेत, त्यात थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची पण समाधी आहे. शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं असं सांगतात. लहानपणी आजोबा तिथे न्यायचे, आधी खंड्याला नमस्कार करायला लावायचे मग बाकीच्यांना. तेव्हा ‘प्राण्याचं एवढं काय’ म्हणणाऱ्यांना हे सांगा.

खडेमीठ, १:०९
मग रायगडावरचा वाघ्या

ॲडमिन, १:१०
वाघ्या नको. त्याचे तीन धागे कुलूपबंद आहेत. मूळ विषयावर राहा.

तिसरा_मजला, २:४०
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सकाळी लेकीला शाळेला पाठवलं नाही. तिनं सरळ विचारलं, तो झोपलाय का मेलाय? मी झोपलाय म्हणणार होते, पण सासूबाई पटकन म्हणाल्या मेलाय बाळा, झोपलेला उठतो, हा उठणार नाही. मला आधी राग आला आणि मग वाटलं बरोबर बोलल्या. ती गप्प बसली, मग म्हणाली सुतक असतं का, म्हणजे आजीला लाडू करता येतील का? (खायचे लाडू. सासूबाई मेथीचे करणार आहेत.) सासूबाई म्हणाल्या प्राण्याचं सुतक नसतं, पण आज गोड नको करायला, उद्या करू.

आता कुंडीचा विचार चाललाय. होईल का? वास येईल का? माझ्याकडे मोठी अशी एकच कुंडी आहे आणि त्यात कढीपत्ता आहे.

काकू_किचनवाल्या, २:५५
कढीपत्त्यात नको गं बाई!!

गोठ्यातला_डॉक्टर, ३:२०
कुंडीत होतं. दीडशे ग्रॅमपर्यंतचा जीव असेल तरच, म्हणजे हॅमस्टर, लव्हबर्ड, मासा. कुंडी अठरा इंची घ्या, खोल, खाली भोकं असलेली. तळाला खापऱ्या, त्यावर सहा इंच माती. त्यावर देह, सुती फडक्यात. वर निदान दहा इंच माती, हातानं दाबून घ्या. नुसतं कोकोपीट नको, हलकं पडतं, वास वर येतो, मांजर उकरतं. बागेतली माती आणि शेणखत मिसळून. चिखल होईल इतकं पाणी नको. वरून सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा महिनाभर. एवढं केलं तर वास येत नाही. मऊ भाग दोन-तीन महिन्यांत जातो, हाडं राहतात, त्यामुळे निदान वर्षभर कुंडी उलटी करू नका, पोरीनं हट्ट केला तरी. झाड लावायचं तर फुलाचं लावा, खायचं नको. फार काही धोका आहे म्हणून नव्हे, काकूंच्या किंकाळीवरून कळलं असेलच.

मासेवाल्यांनी फ्लश करू नये हेही जाता जाता. टाकीतले आजार नाल्यावाटे नदीत जातात. मासा कुंडीलाच द्या, झाड खूश होतं.

अनु७९, ३:३१
डॉक्टर, शेजाऱ्यांकडे चार लव्हबर्ड दोन दिवसांत गेले, ते पण कुंडीत चालतील?

गोठ्यातला_डॉक्टर, ३:३८
नाही नाही, थांबा. एक गेला तर म्हातारपण म्हणू, दोन दिवसांत चार म्हणजे काहीतरी साथ आहे. उघड्या हातानं शिवू नका, हातमोजे आणि मास्क, दोन पिशव्यांत बांधा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, १९६२ या सरकारी हेल्पलाइन नंबरवर फोन केला तरी चालेल. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या अशाच पटापट मेल्या, तो बर्ड फ्लू निघाला होता. पिंजऱ्याचा भुसा झाडूनं झाडू नका, धूळ नाकात जाते, आधी ओला करा. त्यांच्या घरात कुणाला ताप-खोकला आला तर घरात पक्षी होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

अनु७९, ३:४०
सांगते लगेच.

वऱ्हाडी_ठेचा, संध्या. ६:१५
आमच्या अकोल्याकडे काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडते. मे महिन्यात ससा गेला होता, बाप्पा, खड्डा काय खंदा लागते म्हणलं, भेगाच एवढ्या. मामानं ऐकलं नाही, कुदळ घेऊन दोन फूट खंदलं आणि वर तीन टोपले माती दिली. पहिल्याच पाण्यात तिथची माती एक वीत खाली बसली. जमीन बसते थे ध्यानात ठेवा, वर उंचवटा ठेवूनच माती द्या.

तिसरा_मजला, रात्री ९:५०
झालं.

पाच वाजता नवरा ऑफिसातून लवकर आला, हातात अठरा इंची कुंडी. काल कचऱ्यात टाकू म्हणणारा. रात्री टॉर्च धरून बसला तेव्हाच मला वाटलं होतं, पण मी काही बोलले नाही. लिफ्ट बंद, मातीची दोन पोती खांद्यावर घेऊन तीन मजले चढला. सेक्रेटरी जिन्यात भेटले, म्हणाले टेरेस गार्डन का? हा म्हणाला हो. कारण खालच्या गुलमोहराच्या आळ्यात पुरू का म्हणून दुपारी मीच विचारलं होतं तर त्यांनी सोसायटीच्या जागेत असलं काही चालणार नाही, उद्या सगळेच आणतील, असं सांगितलं होतं. दोन विती माती मागत होते. ऐंशी लाखांचं घर, पण त्यात आपल्या नावाची मूठभर माती नाही, हे मला आजच कळलं.

लेकीनं जुन्या सुती फ्रॉकचा तुकडा कापला. सासूबाईंनी तुळशीचं पान त्याच्या तोंडापाशी ठेवलं, मला वाटलं होतं त्या लांबच बसतील. फ्रीजमधून काढला तेव्हा रुमालाला त्याचे तीन-चार केस चिकटलेले होते, पिवळट, ते लेकीनं वेचून कंपासपेटीत ठेवलेत. तिनं वर सूर्यफुलाच्या पाच बिया ठेवल्या, मग एक उचलून घेतली, म्हणाली त्याला चारच आवडायच्या एका वेळी. मग माती. दाबताना म्हणाली जास्त जोरात नको दाबू बाबा. यानं दाबलीच नाही, नुसता हात ठेवून बसला.

रात्री त्या जेवल्या दोघी. मी अजून नाही.

पावट्याची_उसळ, ९:५८
जेव गं आधी.

मालाडची_मावशी, १०:०३
दोन घास खाऊन घे बाई.

गोठ्यातला_डॉक्टर, १०:१०
माती दाबा मात्र. ती झोपल्यावर.

तिसरा_मजला, १०:१२
दाबली. वर फरशी ठेवली.

तिसरा_मजला, सतरा दिवसांनी
अपडेट विचारत होतात म्हणून. वास अजिबात नाही. फरशी बाजूला करून लेकीनं गोकर्ण लावलाय, डॉक्टर, महिना नव्हता झाला, माहीत आहे, ऐकत नाही. फरशी काढल्या दिवशीच कबुतरांनी टोचून वरची माती उपसली. लेक झाडू घेऊन मागे लागली. तिच्या बाबानं रविवारी गॅलरीला जाळी मारून घेतली, सहा हजार झाले. कढीपत्ता दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलाय तरी पोह्यात पान आलं की तो चमच्यानं उचलून माझ्याकडे बघतो.

अनु७९
शेजाऱ्यांच्या पक्ष्यांचं सांगायचं राहिलं. दवाखान्यातून माणूस आला होता, तपासणीला घेऊन गेले, बर्ड फ्लू नव्हता निघाला. दाण्यांना बुरशी होती. सांगितलंत ते बरं केलंत.

नवीन_सदस्य_४४
नमस्कार. ससा अठरा इंची कुंडीत मावेल का?

गोठ्यातला_डॉक्टर
नाही. किती किलोचा आहे? आणि कधी गेला?

नवीन_सदस्य_४४
अजून गेला नाही. नऊ वर्षांचा आहे, दोन किलो. कालपासून खात नाहीये म्हणून आधीच वाचून ठेवत होतो.

गोठ्यातला_डॉक्टर
हा धागा बंद करा आणि त्याला आत्ता दवाखान्यात न्या. सशाचं खाणं बारा तास थांबलं तरी आतडी थांबू शकतात, दात वाढलेले असतात कित्येकदा, बरा होतो. जा आधी.